दुसरी फिल्म

प्रिय,

रात्री एकला तुझा मेसेज आला: “सर, मलेरियाची फिल्म निगेटिव्ह. लॅबवाल्याला उगाच झोपेतून उठवलं. रजिस्ट्रार, म्हणजे माझ्या वरचा डॉक्टर, म्हणाला, तुम्हा इंडियन लोकांना जिथे तिथे मलेरियाच दिसतो.” तेव्हापासून जागाच आहे. पेशंट अजून वॉर्डात आहे असं धरून लिहितो. घरी सोडायला निघाले असतील तर आधी लिफ्टजवळ गाठ त्याला.

लाजायचं काय त्यात? नायजेरियातल्या लागोसहून येऊन नऊ दिवस, ३९.५ ताप, प्लेटलेट ७८ हजार. काचेवर रक्ताचा थेंब पसरून दुसरी फिल्म काढ. तीही निगेटिव्ह आली तर तिसरी. अगं, फॅल्सिपॅरमचे, म्हणजे सर्वात जीवघेण्या मलेरियाचे, जंतू मोठे झाले की बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतींना चिकटून बसतात. तू शिरेतून काढलेल्या रक्तात ते सापडतीलच असं नाही. त्यात प्रतिबंधक गोळ्या अर्धवट घेतल्या असतील तर आणखीच कमी. विचारलंस का?

मुंबईची सवय इथे घात करते. तिथे आपण पाहिला तो बहुतेक व्हायवॅक्स, मलेरियाचा त्यामानाने सौम्य प्रकार: हुडहुडी भरली, गोळ्या दिल्या, पेशंट चालत घरी. ब्रिटनमध्ये २०२३ साली २००० हून अधिक रुग्ण सापडले, बहुतेक आफ्रिकेतून आलेले, फॅल्सिपॅरमचे. त्यातले कितीतरी “मी तिथलाच, मला काय होतंय” म्हणणारे. इथे वर्षानुवर्षं राहिल्यावर ती प्रतिकारशक्ती ओसरते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता माझं ऐक. १९९४, शुक्रवारची संध्याकाळ. घानाहून आलेला एक बस ड्रायव्हर. पहिली फिल्म निगेटिव्ह. दुसरीसाठी टेक्निशियनला पुन्हा घरून बोलवावं लागणार होतं, आणि तो आधीच एकदा माझ्यावर खेकसला होता. मी पॅरासिटामॉल लिहून दिलं. सोमवारी ड्रायव्हरला बेशुद्ध आणलं. शंभरातल्या चौदा तांबड्या पेशींत जंतू. तेव्हा क्विनाइनचं सलाइन. वाचला, पण पाच आठवडे डायलिसिसवर. त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, “तुम्ही तर इंडियाचे ना?”

मी नवखा होतो, पुढची नोकरी कन्सल्टंटच्या एका शब्दावर होती, असं तीस वर्षं स्वतःला सांगत आलोय. खोटं नाही ते. पण एक फोन करायला कोणाचा शब्द लागत नव्हता.

तेव्हा दुसरी फिल्म. बारा ते चोवीस तासांनी, आणि तिसरी त्यापुढे चोवीस तासांनी. रजिस्ट्रारला हसू दे. तू नोट्समध्ये वेळ घालून लिही. गंभीर मलेरियात शिरेतून द्यायचं औषध, आर्टेसुनेट, फार्मसीत आहे का, हे आत्ताच विचारून ठेव. पेशंट बरळायला लागल्यावर शोधाशोध नको. ते दिलंच तर नंतर चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघायचं, तांबड्या पेशी उशिरा फुटू शकतात. पण ते पुढचं.

पहिलं रक्त रात्री साडेअकराला घेतलंस ना? मग दुसरं आज दुपारी, जेवायला जायच्या आधी. खाली लॅबमध्ये जाऊन स्लाइड स्वतः बघ, जाड आणि पातळ दोन्ही. आणि मला फोन कर, मेसेज नको.