रात्रीची झाडलोट आणि किल्ल्यांचा जुडगा

प्रश्न : नागपूरच्या कळमना बाजारात आमची संत्र्याची अडत आहे. हिशेब पोस्टग्रेस १५ या डेटाबेसवर. दिवसा मशीन जड होतं म्हणून कॉम्प्युटरवाल्याने ऑटोव्हॅक्यूम (डेटाबेसमधल्या जुन्या, निरुपयोगी ओळींची आपोआप होणारी झाडलोट) बंद करून रात्री २ वाजता व्हॅक्यूम, म्हणजे तीच झाडलोट, लावलं. ते रोज चालतं, तरी शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) काढायला फार वेळ लागतो. तो आता सुपरयूझरचा (सगळे अधिकार असलेल्या लॉगिनचा) पासवर्ड मागतो. द्यावा का?

उत्तर : देऊ नका. आधी रात्रीचा लॉग (कामाची नोंदवही) वाचा. परवानगी नाही, टेबल वगळलं, अशा अर्थाच्या वॉर्निंग तिथे असणार असं मला वाटतं. टेबल किंवा डेटाबेस यांपैकी काहीच ज्याच्या मालकीचं नाही अशा साध्या लॉगिनने व्हॅक्यूम चालवलं, तर पोस्टग्रेस अडत नाही. इशारा लिहितं नि पुढच्या टेबलाकडे जातं. सकाळी बघणाऱ्याला काम झालेलं दिसतं.

तुमच्याकडे कचराही भरपूर. आवक लिहिली, मग बोली, वजन, हमाली चढली, की एका ढिगामागे तीन जुन्या ओळी पडून राहतात, कारण पोस्टग्रेस बदलताना जुनी ओळ न पुसता नवी लिहितं. आंबिया बहारात हे रोज शेकडो ढिगांचं होतं. म्हणून ऑटोव्हॅक्यूम आजच सुरू करा. ते टेबलातल्या साधारण २० टक्के ओळी अशा मेल्यावर (जुन्या झाल्यावर) जागं होतं. आवकीच्या मोठ्या टेबलासाठी ५ टक्के ठेवा, म्हणजे थोडं थोडं झाडलं जाईल.

रात्रीचं काम टेबलांच्या मालक लॉगिनने, सर्व्हरवरूनच चालवा. २०२४ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १७ मध्ये यासाठी ‘मेंटेन’ नावाची वेगळी परवानगी आहे : व्हॅक्यूम, अ‍ॅनलाइझ, रीइंडेक्स अशी देखभालीची कामं करता येतात, पण खातेदारांची बाकी वाचता येत नाही. सुपरयूझरला मात्र कुठलीच परवानगी आडवी येत नाही. तो सर्व्हरवरच्या फाइलींनाही हात घालू शकतो. झाडणाऱ्याला तिजोरीची किल्ली कोण देतं?

एक कळकळीने सांगते. साध्या व्हॅक्यूमने डिस्कवरची जागा सहसा परत मिळत नाही, म्हणून अख्खं टेबल नव्याने लिहिणाऱ्या ‘व्हॅक्यूम फुल’चा मोह होतो. मी तो एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सकाळी ११ वाजता चालवला होता. टेबलाला पूर्ण कुलूप लागलं, एक बिल्टी निघेना, आणि मे महिन्याच्या उन्हात ड्रायव्हर पाऊण तास खिडकीशी उभे होते. तुम्हाला करायचंच असेल, तर बाजार बंद असेल त्या रात्री, बॅकअप घेऊन, आणि टेबलाची अख्खी नवी प्रत मावेल एवढी डिस्क मोकळी आहे हे पाहूनच करा.