आजीची वही आणि पाच मिनिटं

प्रश्न : जय भीम ताई. मी नागपूरची, इंदोऱ्यात राहते. महिन्याभराआधी आमची आजी गेली. येत्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की आजीवर मीच बोलायचं, कारण लहानपणापासून मी तिच्याजवळच झोपायची. पाच मिनिटं. लिहायला बसली की नुसतं "प्रेमळ, कष्टाळू, धम्मावर श्रद्धा" असंच येऊन राहिलं, छापील पत्रिकेसारखं. आजी चाळीसेक वर्षं दसऱ्याला दीक्षाभूमीवर सेवेला जायची, हरवलेल्या पोरांना घेऊन बसायची. मोठे बाबा म्हणतात, आजीनं 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा घेतली हे सगळ्यात आधी सांग. आत्या म्हणते, ते लोक उमरेडकडून बंडीनं निघालेले, पोचलेच दुसऱ्या दिवशी. आजी स्वतः एवढंच सांगायची, "बाबासाहेब लय वेळ बोलत होते, मी मायच्या मांडीवर झोपून गेली." तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची. वरून आत्या म्हणाली, बोलायचंच आहे तर हेही बोल की सणाला आम्हाला माय कधी भेटलीच नाही, एका दसऱ्याला तर रात्री दोनला घरी आली, आम्ही पोट्टे उपाशी झोपलो होतो. आता हे चारचौघात कसं बोलू? आजीची एक वही पण सापडली आहे, तिचं काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जय भीम. आधी तारखेचं भांडण मिटवू, कारण ते सोपं आहे. मुख्य सोहळा 14 तारखेलाच झाला, त्या वर्षी दसरा त्याच दिवशी होता. महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली, 22 प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. पण 15 ला, उशिरा पोचलेल्यांसाठी, परत दीक्षा झाली. आणि ते मोठं भाषण, नागपूरच का निवडलं, नाग लोकांचा इतिहास काय, ते पण 15 चंच. 16 ला ते चंद्रपूरला होते. म्हणजे मांडीवर झोप लागावी एवढं लांब जे आजीला आठवायचं ते बहुतेक 15 चं, आत्याचं पारडं जड आहे. मोठ्या बाबांना वाईट वाटू देऊ नकोस, दुसऱ्या दिवशीची दीक्षा काही कमी होत नाही बाप्पा, बंडीतून एवढ्या लांब आलेल्या लोकांची तर नाहीच. तू तारीख न सांगता आजीचं वाक्य जसंच्या तसं म्हण. झोपून गेली हे पण म्हण, लोक हसतील, हसू दे.

आता वही. तू तिच्याबद्दल पत्रात एकच ओळ लिहिलीस ना, म्हणून मी तुला परत मेल करून विचारलं आणि तू त्या पानांचे फोटो पाठवलेस. मी बराच वेळ तेच बघत बसली. "मुलगा, निळा शर्ट, चप्पल एकच, गाव सांगत नाही, बिस्किट खाल्लं. 4 वाजता मामा आला." "मुलगी, वेणीला लाल रिबिन, रडत नाही. आई मिळाली." समोर बरोबरची खूण. आणि तू लिहिलंस की मोबाईल आल्यावर ती मंडपात आलेल्या प्रत्येक पोराच्या तळहातावर बॉलपेननं आईबापाचा नंबर लिहायची, बाप "पेन विषारी असते" म्हणाला तर त्यालाच झापायची. हेच भाषण आहे. घर, धम्म, समाजसेवा असे तीन परिच्छेद पाडू नको, आजीनं असे कप्पे कधी केले नव्हते. तीन नोंदी वाचून दाखव, हळू वाच.

आत्याचं मात्र गाळू नको. मला तरी असं वाटतं की दुसऱ्याच्या पोरांजवळ बसणाऱ्या बाईची स्वतःची पोरं घरी वाट पाहत होती, हे न सांगता तिची सेवा सांगणं म्हणजे आत्याला तिच्याच घरात परकं करणं. पण हे तिला न विचारता माईकवर बोलू नको, तिला वाटलं तर ती स्वतः बोलेल, नाहीच म्हणाली तर तू एवढंच म्हण की दसऱ्याला आजी आमच्या घरी नसायची आणि ते घरच्यांना लागायचं. पुढे "पण तिचं कार्य महान होतं" वगैरे जोडू नको, तिथेच थांब.

आणखी एक, रविवारच्या आधी करायचं. आत्याला विचार, रात्री दोनची ती गोष्ट साधारण कितव्या वर्गात असतानाची. मग वहीत त्या वर्षाचं पान काढ. तू पाठवलेल्या एका फोटोत शेवटची नोंद अशी आहे, "मुलगा, दोनेक वर्षांचा, बोलत नाही, कोणी आलं नाही", आणि समोर खूण नाही, फक्त खाली वेगळ्या शाईनं "1.20" लिहिलंय. वर्ष फोटोत कापलं गेलंय. तेच पान निघालं तर आधी आत्याला दाखव, एकटीला, स्वयंपाकघरात वगैरे. भाषणात घ्यायचं की नाही ते तिला ठरवू दे.