बेळगावजवळच्या जांबोटीकडं रानातल्या केबिनमध्ये फोन बंद ठेवून पहिल्यांदाच राहणार असशील तर

भावा, पहिल्या वेळेला दोनच रात्री राहा, चार-पाच दिवसांचा प्लॅन करू नको. पहिला दिवस हात सारखा मोबाईलकडेच जातंय बघ, दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं खरंच शांत होतंय, म्हणून एक रात्र राहून परत येऊ नको.

- फोन बंद करायच्या आधी घरी सांग, कुठं आहेस, कधी परत येणार. कणकुंबी-जांबोटी भागात बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते.
- उजेड असतानाच पोच. भीमगडचं जंगल जवळ आहे, गवे असतात, अस्वलं पण असतात, अंधारात एकट्यानं फिरायचं नाही म्हणजे नाही.
- खरकटं बाहेर टाकू नको.
- टॉर्च, पाणी, काडेपेटी आणि नेहमीची औषधं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्पीकर आणि डाऊनलोड केलेले पिक्चर घेऊन जाणं, मग घरीच बसलेलं काय वाईट? एक वही ने, बास.

पहिल्यांदा पावसाळ्यात तर नकोच, जळवा आणि ओल यांनीच वैतागशील. डिसेंबरात जा, थंडी मस्त असते, स्वेटर मात्र विसरू नको.