‘समस्थिती’ लिहिताना

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

‘समस्थिती’वरच्या तुझ्या लेखाचा मसुदा दोनदा वाचला. मेहनत जागोजागी दिसते. पण ‘समस्थिती म्हणजे शरीरातला समतोल’ एवढं सांगून लेख लगेच पुढे सरकतो, आणि माझं मन त्या ओळीपाशीच अडून राहिलं.

हीच व्याख्या मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आले. एकदा एका मुलीने विचारलं, “बाई, मग मृतदेहातही समतोल असतोच ना? तो तर खोलीइतकाच गार होतो.” त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. तिचं म्हणणं मात्र बरोबर होतं. भौतिकशास्त्रातला समतोल जीव गेल्यावरच येतो : उष्णता वाहायची थांबते, क्षार पेशीच्या आतबाहेर सारखे होत जातात. जिवंत पेशी हेच होऊ देत नाही. तिच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तिसेक पट जास्त असतं, सोडियम बाहेर जास्त. हा फरक टिकवायला पेशीच्या आवरणातले पंप अखंड चालू असतात. एका फेरीत सोडियमचे 3 आयन (विद्युतभारित कण) बाहेर, पोटॅशियमचे 2 आत, आणि दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. पंप थांबले की फरक विरघळू लागतो. तेव्हा ‘समतोल’ हा शब्द काढ. ‘स्थिर राखलेली अवस्था’ म्हण, आणि ‘राखलेली’वर जोर दे. राखायला कुणीतरी राबावं लागतं, हे वाचकाला पहिल्याच ओळीत कळू दे.

आता शब्दाचं मूळ. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक साधी पण फार खोल गोष्ट ओळखली : आपण हवेत राहतो, पण आपल्या पेशी हवेत राहत नाहीत. त्या राहतात रक्तात आणि ऊतींमधल्या द्रवात, आणि हे ‘आंतरिक पर्यावरण’ टिकलं म्हणूनच जीव बाहेरच्या थंडीवाऱ्यात मोकळेपणाने वावरू शकतो. पुढे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1926 साली या व्यवस्थेला ‘होमिओस्टॅसिस’, म्हणजे आपली ‘समस्थिती’, हे नाव दिलं आणि 1929 मध्ये एका दीर्घ लेखात ती सविस्तर मांडली. ग्रीक ‘होमोइओस’ म्हणजे सारखं, त्याच्यासारखं. ‘तेच ते’ या अर्थाचा ‘होमो’ हा उपसर्ग त्यांनी जाणून टाळला, कारण थोडा चढउतार त्यांना शब्दातच सामावून घ्यायचा होता. (होमिओपॅथीत हाच उपसर्ग आहे, त्यापलीकडे दोघांचं नातं नाही. वाचक हमखास गोंधळतात, म्हणून एक वाक्य जरूर लिही.)

हा चढउतार तुझ्या लेखात कुठेच नाही. तू ‘तापमान 37 अंश असते’ असं लिहिलं आहेस. निरोगी माणसाचं तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपार कलताना सर्वांत जास्त असतं. दिवसभरात अर्धा अंश सेल्सिअस सहज हलतं. रक्तातल्या साखरेचं तर आणखी विलक्षण. प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर जेमतेम 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. एका जेवणातून त्याच्या कितीतरी पट आत येते. तरी ती रक्तात साचून राहत नाही, कारण स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं, आणि यकृत व स्नायू ती साखर उचलून साठवतात. उपाशीपोटी ग्लुकागॉन या स्वादुपिंडातल्याच दुसऱ्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृत तीच परत करतं. कुणी मोजलं, कुणी हुकूम दिला, कुणी काम केलं, हे तिन्ही दाखवता येत असेल तरच ‘समस्थिती’ हा शब्द वापर. नुसतं ‘निसर्गात समस्थिती असते’ म्हटलं तर कानाला बरं वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही.

तुला एक प्रयोग सांगते. पाच मिनिटं आडवं पडून मनगटावर बोटं ठेव, नाडी मोज. मग उभं राहा आणि लगेच पुन्हा मोज. बोटांखालची गती वाढलेली जाणवेल. उभं राहताच अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं, मानेतल्या धमन्यांच्या भिंतींना ताण कमी झाल्याचं कळतं, मेंदूला खबर जाते, हृदय वेग घेतं, रक्तवाहिन्या आवळतात. मेंदूकडचा रक्तप्रवाह टिकावा म्हणून नाडी बदलली. एक गोष्ट स्थिर ठेवायला दुसरी हलवावी लागते. हे उदाहरण लेखात घे, वाचक स्वतः करून पाहील.

‘निगेटिव्ह फीडबॅक’ समजावताना जपून. ‘निगेटिव्ह’चा अर्थ वाईट असा घेतला जातो, इथे अर्थ आहे बदलाच्या उलट दिशेने ढकलणं. प्रसूतीच्या कळा तू समस्थितीच्या उदाहरणांत घातल्या आहेस, त्या तिथून काढ. गर्भाशयाचं मुख ताणलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, त्याने कळा वाढतात, ताण आणखी वाढतो. तिथे बदल वाढतच जातो, बाळ बाहेर येईपर्यंत.

तापाचा परिच्छेद मात्र नव्यानेच लिही. ‘तापात समस्थिती बिघडते’ हे विधान मला पटत नाही. संसर्गात हायपोथॅलॅमस, म्हणजे तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग, तापमानाचं आपलं लक्ष्यच वर सरकवतो, समज 39 अंशांवर. शरीर अजून 37.5 ला आहे, म्हणून त्याला थंडी वाजते, दात वाजतात, आणि माणूस पांघरूण ओढून घेतो. पॅरासिटामॉलने लक्ष्य खाली आलं की घाम फुटतो. म्हणजे नियंत्रण चालूच आहे, फक्त आकडा बदलला आहे. उष्माघातात लक्ष्य जागेवरच असतं, पण शरीराला उष्णता बाहेर टाकणं झेपत नाही. तिथे पॅरासिटामॉल उपयोगी नाही, अंग तातडीने थंड करावं लागतं. बिघडलेली समस्थिती दाखवायची तर हे उदाहरण घे. दोन्हींत तापमापकावर आकडा एकच दिसू शकतो, आणि उपचार वेगळे.

हे बदल करून झाले की मसुदा पाठव. मूत्रपिंडाचा भाग चांगला झाला आहे, त्याला हात लावू नकोस.

तुझी,
बाई