मुलीला दमा आहे आणि सोलापुरात राहायला आलोय. एअर प्युरिफायर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बदली होऊन जूनमध्ये सोलापुरात आलात, मुलगी सहा वर्षांची, दमा आधीपासूनच आहे आणि दिवाळीनंतर रात्रीचा खोकला वाढलाय. तर प्युरिफायर कुठला घ्यावा, की सरळ बदली रद्द करून घ्यावी?

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला चौथ्या वर्षी दमा असल्याचं कळलं, आता तो अकरा वर्षांचा आहे. तेवढ्याच अनुभवावर सांगते. प्युरिफायरचे पैसे महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी एक साधी वही आणा.

वहीत चार रकाने आखा. रात्री किती वेळा खोकून उठली, तातडीचा पंप किती वेळा लागला, दिवसभर कुठं कुठं होती, आणि घरात काय काय जळलं. शेवटचा रकाना विचित्र वाटेल, पण आमचा चोर तिथंच सापडला. तीन आठवडे लिहिल्यावर दिसलं की दर शुक्रवारची पहाट वाईट जाते. का, तर गुरुवारी संध्याकाळी स्वामींची आरती. अक्कलकोट हाकेच्या अंतरावर, त्यामुळं गुरुवार आमच्याकडं सणासारखाच. सासूबाई गोवरीच्या निखाऱ्यावर धूप टाकायच्या, खोली पांढरी व्हायची आणि घंटा वाजवायचा मान नातवाचा, म्हणजे तो बरोबर धुपाटण्यासमोर.

"देवाच्या धुरानं कुणाला काही होत नसतंय," असं त्या आधी एकदा म्हणाल्या होत्या. मी वाद घातला नाही, वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक वार वाचला. शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार. काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी धुपाटणं अंगणात तुळशीपाशी गेलं. आत फक्त समई. नातवाची घंटा चालूच राहिली.

त्याच आठवड्यात डासांची कॉइल बंद केली. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात, हे संशोधकांनी मोजून पाहिलंय. म्हणजे सिगारेट न ओढणाऱ्या घरात आम्ही रात्रभर पोराच्या उशाशी ती जाळत होतो. आता खिडक्यांना जाळी आणि रात्री मच्छरदाणी.

आता बाहेरचं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्यातल्या शहरांत सोलापूर आहे. इथं डोळ्याला दिसते ती धूळ. उकरलेले रस्ते, कडेची माती, वर वाहनं. ती बरीचशी नाकातोंडात, घशात आणि मोठ्या श्वासनळ्यांत अडते. दम्याच्या पोराला खोकला यायला तेवढंही पुरतं. धुराचे कण मात्र फार बारीक. ज्याला पीएम २.५ म्हणतात तो कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढा, आणि तो फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. लहान मुलं वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात, आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात.

थंडीत भर पडते. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की झाकण बसल्यासारखं होतं. धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळतो. त्याच दिवसांत उसाची तोडणी होऊन शेतात पाचट पेटवलं जातं. तुमच्या मुलीचा खोकला दिवाळीनंतर वाढला त्यात याचा हात असू शकतो. सर्दीच्या साथीचाही असू शकतो, म्हणून तर वही. फ्लूच्या लशीचंही डॉक्टरांना विचारून ठेवा.

आमच्या वहीतला दुसरा चोर म्हणजे शाळेच्या रिक्षाचा कोपरा. सकाळी सातला तिथं झाडलोट व्हायची आणि पाल्याच्या ढिगाला कुणीतरी काडी लावायचं. पोर रोज दहा मिनिटं त्या धुरात उभं. रिक्षावाल्या मामांना म्हटलं, मामा, गल्लीत वळून हॉर्न द्या, मी आणून सोडते. एवढंच. एक पैसा खर्च नाही. दुचाकीवर नेत असाल तर पुढं उभं करू नका, सिग्नलला बसच्या मागं थांबू नका, आणि जमेल तिथं आतल्या गल्ल्या धरा. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटर आत वाहनांचा धूर बराच विरळ होतो. तोंडाला ओढणी बांधल्यानं जाडी धूळ अडेल, धूर नाही. मोठ्यांचे एन ९५ मास्क इतक्या लहान चेहऱ्यावर घट्ट बसत नाहीत, कडेनं हवा शिरते.

मुख्य म्हणजे खेळ बंद करू नका. फक्त पहाटेचा नको, ऊन वर आल्यावर किंवा दुपार कलल्यावर खेळू द्या. फोनवर समीर ॲपमध्ये हवेचा निर्देशांक दिसतो, आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट. २०० च्या वर असेल त्या दिवशी आम्ही कॅरम काढतो.

घर अजून भाड्याचं शोधत असाल तर एक सांगते. पूर्व भागात पॉवरलूमच्या शेजारी खोली स्वस्त मिळते, पण हवेत सुताचं तूस असतं. विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूची धूळ असते. त्या लोकांची ती भाकरी आहे, नावं ठेवायची नाहीत. आपल्या लेकरासाठी फक्त दोन गल्ल्या लांब बघायचं. घरात कोरडा झाडू ती शाळेत गेल्यावर मारा, नंतर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. (इथं पाणी काही दिवसांआड येतं हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. अर्धी बादली पुरते.) पांघरायला रजईपेक्षा आपली सोलापुरी चादर बरी, कारण ती धुता येते. आठवड्याला कडक गरम पाण्यात, म्हणजे धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. झटकायची ती गच्चीवर.

आता माझी चूक. वर्षभर मी स्पेसर, म्हणजे पंपाला लावून औषध ओढायचं प्लॅस्टिकचं भांडं, धुऊन स्वच्छ सुती रुमालानं कोरडा करायचे. चकचकीत. एकदा डॉक्टरांनी सहज विचारलं, धुता कसा? ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. कापड घासलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध पोराच्या छातीत जायच्या ऐवजी भांड्यालाच चिकटतं. साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि न पुसता निथळत ठेवायचा. हवा कितीही सुधारली तरी रोजचा पंप डॉक्टर सांगेपर्यंत सोडायचा नाही, आणि तो घेतल्यावर चूळ भरायची.

हे सगळं करूनही रात्री खराब जात असतील तर मग प्युरिफायर. हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक कण अडवणारा घ्या, ओझोन किंवा आयोनायझरवाला नको. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. ती तासात पाच वेळा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर हवा गाळून देतं तो आकडा, निदान १७० हवा. दार-खिडकी बंद करून, मुलगी झोपते त्याच खोलीत चालवायचा. इथंच सोलापूरची गोम आहे. मार्चपासून कूलर लागतो, आणि कूलर बाहेरची हवा आत ओढतो. दोन्ही एकत्र चालवणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणं.

बदली रद्द करू नका, एवढ्यासाठी तर नाहीच. मात्र बोलताना शब्द तुटायला लागले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले तर वही बाजूला ठेवा. तातडीचा पंप देत देतच दवाखाना गाठा.

आणि जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा आहे, मुलगी हट्ट करणारच. होम मैदानावर संध्याकाळी गर्दीनं धुरळा उडतो, म्हणून आम्ही गर्दी व्हायच्या आत पाळण्यात बसून येतो. दारूकाम लांबच्या गच्चीवरून बघतो. स्पेसर पर्समध्ये मावत नाही, कापडी पिशवी घ्या.