व्हॉल्व्हचे सील : आधी द्रव, मग तापमान, मग मटेरियल

प्रश्न (शिरोली एमआयडीसी): द्रव नायट्रोजनवर तपासल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम व्हॉल्व्हसाठी ५० मिमी बाहेरील व्यासाच्या टेफ्लॉन रिंगा करून दिल्या. आमच्याकडे हवेच्या दाबावर गळती शून्य, ग्राहकाकडे थंड केल्यावर गळतात. माप बरोबर होते. चूक कुठे?

उत्तर: मटेरियलच्या आकसण्यात. खोलीच्या तापमानापासून उणे १९६ अंशांपर्यंत टेफ्लॉन लांबीत सुमारे २ टक्के आकसते, अ‍ॅल्युमिनियम जेमतेम ०.४ टक्के. म्हणजे तुमची रिंग व्यासात १ मिमी लहान झाली आणि तिची बसण्याची जागा फक्त ०.२ मिमी. बाहेरच्या भिंतीवर दाबून बसलेली रिंग तिथून सुटली. टॉलरन्स घट्ट करून हे भरून निघणार नाही. टेफ्लॉनच ठेवायचे असेल तर आत स्टेनलेस स्प्रिंग असलेले सील घ्या. ओठ आकसला तरी स्प्रिंग त्याला भिंतीवर दाबून धरते. साध्या सीटसाठी (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतो तो भाग) पीसीटीएफई हे टेफ्लॉनच्याच कुळातले प्लास्टिक बघा. ते टेफ्लॉनपेक्षा बरेच कमी आकसते, जास्त कडक असते आणि दाबाखाली कमी सरकते. मात्र प्रक्रियेत जास्त तापलेले पीसीटीएफई ठिसूळ होते आणि हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रॉड घेताना लॉटच्या प्रमाणपत्रावर झेडएसटी (झीरो स्ट्रेंग्थ टाइम, माल तापून खराब झाला आहे का हे दाखवणारी) चाचणीचा आकडा मागाच.

मापाबद्दलही एक सांगायला हवे. टेफ्लॉनची स्फटिकरचना १९ अंशांच्या आसपास बदलते आणि आकारमानात एक टक्क्याहून अधिक फरक पडतो. ५० मिमीवर तो दीड-दोन दशांश मिमी भरतो. जानेवारीच्या सकाळी कोल्हापुरातल्या शेडमध्ये पारा १५-१६ वर असतो. तेव्हा घेतलेले माप दुपारी खोटे ठरते. रिंगा २३ अंशांच्या खोलीत रात्रभर ठेवून मगच मोजा, आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगवर मोजमापाचे तापमान लिहून घ्या.

प्रश्न (गोकुळ शिरगाव): विमानाच्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हला व्हिटॉन रबराची ओ-रिंग (गोल सीलिंग रिंग) चालेल ना? सगळ्यात महाग तीच आहे.

उत्तर: किंमत बघू नका, तेल विचारा. प्रवासी विमानांतल्या फॉस्फेट एस्टर तेलात, म्हणजे स्कायड्रॉलमध्ये, व्हिटॉन आणि नायट्राइल ही दोन्ही रबरे फुगतात. तिथे ईपीडीएम रबर लागते. ५६०६ जातीच्या लाल खनिज तेलात नेमके उलटे: नायट्राइल उत्तम, ईपीडीएम फुगून ग्रूव्हमधून बाहेर येते. दोन्ही रिंगा काळ्याच दिसतात, त्यामुळे एका डब्यात कधीही ठेवू नका. पाकिटावरची क्युअर डेट (रबर पक्के केल्याची तारीख) आणि बॅच नंबर जॉबच्या कागदावर उतरवा.

प्रश्न (उद्यमनगर): पीक (PEEK) या कडक प्लास्टिकच्या रॉडमधून कापलेल्या पातळ सीट लेथच्या चकमधून काढल्या की अंडाकृती होतात.

उत्तर: रॉड बनवताना अडकलेला ताण कापताना मोकळा होतो. रफिंग (पहिली ढोबळ कापणी) करून ०.५ ते १ मिमी माल ठेवा आणि मग अ‍ॅनीलिंग (हळू तापवून, हळू थंड करून ताण काढणे) करा: १५० अंशांवर किमान तीन तास सुकवणे, पुढे तासाला १० अंशांनी २०० पर्यंत चढवणे, जाडीच्या दर मिलिमीटरला एक तास (किमान चार तास) धरून ठेवणे, आणि तासाला १० अंशांनीच १४० पर्यंत उतरवणे. घाईने भट्टी उघडलीत तर ताण परत येतो. फिनिशिंगला सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) आणि हलकी पकड ठेवा.

प्रश्न: पीक इतके ताकदवान आहे, तर ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हलाही तेच का नको?

उत्तर: ऑक्सिजनमध्ये पहिला प्रश्न ताकदीचा नसतो, पेट घेण्याचा असतो. टेफ्लॉन आणि पीसीटीएफई सहज पेटत नाहीत आणि पेटले तरी उष्णता कमी देतात, म्हणून सुरुवात तिथूनच करायची. नायलॉन तर नकोच. आणि मटेरियल कितीही योग्य असले तरी कटिंग ऑइलचा पुसटसा थर धोका उभा करतो. या सीट कोरड्या, स्वच्छ हवेच्या झोतात कापा, बर (कडेला राहिलेले तुसे) काढा, ऑक्सिजन सेवेसाठी ठरवून दिलेल्या पद्धतीने धुवा आणि हातमोजे घालूनच पिशवीत सील करा.