चौदा वर्षांच्या मुलीची पाळी मागेपुढे होते : किती थांबायचं, कधी दाखवायचं

ताई, तुम्ही दिलेली माहिती अशी : मुलगी 14 वर्षांची, पाळी सुरू होऊन सव्वा वर्ष झालं. अंतरं 38, 52 आणि 29 दिवसांची होती, आणि आता 64 दिवस झाले तरी पाळी आली नाही. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार, यालाच पीसीओएसही म्हणतात) लिहून आलंय. सासूबाई म्हणताहेत, महालक्ष्म्या बसायच्या आत गोळी देऊन पाळी आणून घ्या.

ती गोळी आधी बाजूला ठेवा. औषधाच्या दुकानातून आणतात ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनची असते. ती बंद केल्यावर काही दिवसांत रक्त जातं, पण ते औषध थांबल्यामुळे. त्यातून पाळी लांबण्याचं कारण कळतही नाही आणि बरंही होत नाही. शिवाय हार्मोनच्या गोळ्या चालू असताना केलेल्या हार्मोनच्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आधी डॉक्टर, मग तपासण्या, आणि गोळी लागलीच तर त्यानंतर.

पाळी का लांबते? सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारे अजून नीट बसलेले नसतात. बऱ्याच महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. बीज नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन नाही, आणि ते नसलं की गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं. मग ते उशिरा आणि एकदम सुटतं. म्हणून दोन महिने काही नाही आणि नंतर आठ-दहा दिवस जोरात, असं पुष्कळ मुलींचं होतं. तीन वर्षं होईपर्यंत बहुतेकींचं अंतर 21 ते 35 दिवसांत येतं.

अंतर मोजताना एक चूक घरोघरी होते : पाळी संपल्यापासून पुढची येईपर्यंतचे दिवस मोजतात. रक्त दिसल्याचा पहिला दिवस ते पुढच्या वेळचा पहिला दिवस, असं मोजायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या दिवशी गोल करा आणि रोज किती पॅड बदलले तो आकडा त्यातच लिहा. डॉक्टरांसमोर ‘खूप जातं’ म्हणण्यापेक्षा हा आकडा कामाचा.

पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन वर्षांत 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. एखाद्या वेळी 52 झाले म्हणून घाबरू नका. तुमच्या मुलीचं पहिलं वर्ष मात्र संपलंय आणि 45 ची रेघ दुसऱ्यांदा ओलांडलीय, म्हणून सवडीने पण याच महिन्यात दाखवून या. 90 दिवस उलटले तर अजिबात थांबायचं नाही. रक्त सात दिवसांहून जास्त जाणं, दर एक-दोन तासांनी पॅड भिजणं, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, यातलं काहीही असलं तरी दाखवायचंच. तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास चाललं, किंवा चक्कर, धाप, पांढराफटक चेहरा दिसला तर त्याच वेळी मोठं सरकारी रुग्णालय (नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा) गाठा, सकाळची वाट पाहू नका.

पहिल्या पाळीपासूनच असं जोरात जात असेल तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो. नाकातून वारंवार रक्त येणं, दात काढल्यावर रक्त न थांबणं, आई-मावशीलाही असाच त्रास असणं, हे आपण होऊन सांगा. अशा मुलीला ॲस्पिरिन देऊ नका, इतर वेदनाशामक गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच.

पाळी आलेलीच नाही अशा मुलींसाठी हद्द वेगळी आहे. 15 वर्षं पूर्ण होऊनही आली नाही, किंवा 13 पर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, तर दाखवा. पाळी नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात आणि कधी लघवी अडते, असं असेल तर योनीमार्ग बंद असून रक्त आत साठत असण्याची शक्यता असते. त्यात लवकर जावं.

आता त्या सोनोग्राफीबद्दल. या वयात अंडाशयात बऱ्याच लहान बीजपिशव्या दिसणं स्वाभाविक आहे. म्हणून पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. किशोरवयात अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, दोन्ही लागतात : हनुवटीवर जाड केस, न हटणारी मोठी मुरुमं, रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. नुसत्या एका ओळीवरून मुलीला ‘तुला पीसीओडी आहे’ असं सांगू नका, ती ते मनाला लावून घेते. मान-काखेत काळपट जाड कातडी आणि वाढतं वजन असेल तर साखरही तपासावी.

पहिल्या भेटीत साधारण हिमोग्लोबिन, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि लघवीची गर्भचाचणी सांगतात. गर्भचाचणी पाळी लांबलेल्या प्रत्येकीची करतात, त्यात राग मानू नका. डॉक्टर मुलीशी थोडा वेळ एकटीशी बोलले तर बोलू द्या. छातीतून दूध येतं का, डोकं दुखतं का, कोणती औषधं चालू आहेत, वजन झपाट्याने घटलंय का, हे सांगा. ट्यूशनच्या धावपळीत जेवण टाळणाऱ्या आणि भरतीसाठी रोज धावून अर्धपोटी राहणाऱ्या मुलींची पाळी त्यानेही थांबू शकते. सोनोग्राफी सांगितली तर ती पोटावरूनच होते. आधी तासभर चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून ठेवायची, नाहीतर चित्र नीट येत नाही.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. जोरात रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलं तर लोहाच्या गोळ्या देतात; त्या घेऊनही ते 12 च्या खालीच राहत असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. घरात सिकलसेल असेल, कुणाच्या रक्तवाहिनीत गाठ झाली असेल किंवा मुलीला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होत असेल, तर हार्मोनची गोळी लिहून घेण्याआधी डॉक्टरांना सांगाच, कारण इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गोळी अशांना धोक्याची ठरू शकते.

लोह ‘उष्ण पडतं’ म्हणून उन्हाळ्यात बंद करू नका. शौच काळी होते, त्याने बिघडत नाही. गोळी लिंबूपाणी किंवा संत्र्यासोबत द्या, चहा-दूध आधी-नंतर तासभर नको. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायची, नाहीतर पुढच्या दोन जोराच्या पाळ्यांत ते पुन्हा उतरतं.